पहिले दोन कप

मावशींवर मी चहाचोरीचा आळ घेतला, आणि तो खोटा आहे हे कळल्यावरही सात-आठ महिने गप्प राहिलो. यातली दुसरी चूक मोठी. पहिली एका दुपारी होऊन गेली. दुसरी मी रोज सकाळी ऑफिसात येऊन नव्यानं करत होतो.

चिखली रस्त्यावरच्या एका डाळमिलमध्ये मी ऑफिस सांभाळतो. तिथं दिवसातून दोनदा चहा व्हायचा तो मावशींच्या हातचा. मागच्या शेडमध्ये गॅसवर पातेलं चढायचं आणि मग किटली घेऊन त्या फिरायच्या. आधी पोती उचलणारे हमाल, मग डाळ निवडणाऱ्या बाया, शेवटी आम्ही ऑफिसवाले. खुर्चीत बसणाऱ्याला कसली आली घाई, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांचं झालं की तळाशी उरलेला चहा बशीत ओतून त्या पायरीवर बसून प्यायच्या.

चहाचं मशीन आणायची कल्पना माझी. अकोल्याला एका कारखान्यात मी ते पाहिलं होतं. कार्ड टेकवायचं, बटण दाबायचं, कप भरतो. मालकांना मी पटवलं. कार्ड कुणाकुणाला द्यायचं ती यादीही मीच केली, मस्टर समोर ठेवून. हमाल, बाया आणि मावशी ठेकेदाराकडच्या. त्यांची नावं मस्टरवर नव्हती. इतकी वर्षं एका किटलीतून पिणारे निम्म्याहून जास्त लोक माझ्या यादीनं बाहेर राहिले. हमाल रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊ लागले. मावशींकडे मशीन पुसायचं आणि सकाळी त्यात दुधाची भुकटी, साखर भरायचं काम आलं.

"साहेब, मले कार्ड नाही भेटलं," त्या एकदा म्हणाल्या.

"पाहतो, मावशी."

आमच्याकडे 'पाहतो' म्हटल्यावर काय समजायचं ते सगळ्यांना माहीत असतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. घरून बाटलीत चहा आणू लागल्या.

मशीनवर दिवसाचे कप मोजले जायचे. कार्डांवर जेवढे कप दिसत, त्यापेक्षा रोज दोन जास्त. मशीनची किल्ली मावशींकडे, आणि किल्लीनं कार्डाशिवायही कप निघायचा. एका दुपारी ट्रक भरणं चालू होतं, हमाल होते, बाया होत्या, आणि तिथंच मी विचारलं, "मावशी, रोज दोन कप कोण पिऊन राह्यलं?"

"कोनी नाही पेत, साहेब. सकाळचे पहिले दोन मी मोरीत टाकतो. त्या मशीनवाल्यानंच सांगतलं."

"चांगला चहा मोरीत कोण टाकतं?"

एक हमाल म्हणाला, "मोरीले सवय लागली मंग, मावशी. उद्या पोहे मांगन ते."

सगळे हसले. मीही हसलो. मावशी फडकं घेऊन आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या ते दोन कप घेऊन गेटपर्यंत जायच्या, वॉचमनला दाखवायच्या आणि त्याच्यासमोर ओतायच्या. माझ्या खिडकीतून ते रोज दिसायचं.

महिन्याभरानं मशीनवाला दुरुस्तीला आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "पहिले दोन टाकायचेच असतात, साहेब. नळीत शिळं पाणी राहतं. मावशींना सांगितलं तेव्हा तुम्ही बाजूलाच होता. फोनवर बोलत होता."

मी मान हलवली. दोन दिवसांनी खिडकीला पडदा लावून घेतला. उन्हाचं कारण सांगितलं.

आज बोलू, असं रोज ठरवायचो. मग ट्रक यायचा, ठेकेदार यायचा, दुपार उलटायची. दोन वाक्यांचं काम होतं. ते न करताच मी संध्याकाळी घरी इतका थकून जायचो की बायको विचारायची, आज पोती उचलली की काय.

यंदा वैशाखात वादळानं विजेचे खांब पडले. दोन दिवस मिल बंद, मशीनही बंद. ट्रक भरणं आणि हातानं डाळ निवडणं तेवढं चालू होतं. मालकांचा फोन आला, मावशींना चहा ठेवायला सांगा. मी सांगायला गेलो.

"ठेवतो," एवढंच त्या म्हणाल्या. पातेलं त्यांनी शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली घासूनपुसून ठेवलेलं होतं.

किटली पहिल्यासारखीच फिरली. हमाल, बाया, आणि शेवटी ट्रकजवळ खुर्ची टाकून बसलेला मी. दोन कपांपुरताच चहा उरला होता. माझ्या कपावर किटली धरून त्या थांबल्या.

"हे दोन मोरीत टाकू का, साहेब? का तुमी पेता?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत असाव्यात तसं त्यांनी विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही. पोह्यांचा विनोद करणारा हमाल मान खाली घालून बशीत पाहत राहिला.

मी उठलो. त्यांच्या हातातली किटली घेतली, दोन कप भरले आणि एक त्यांच्यापुढे धरला. ट्रकवर चढलेल्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोललो.

"मावशी, ते दोन कप तुम्ही कधीच पेल्या नाही. मशीनवाल्यानं मले सांगून कितीक महिने झाले, मी तोंड उघडलं नाही. इतक्या लोकांसमोर तुमाले चोर ठरवलं, म्हणून इतक्याच लोकांसमोर सांगतो, माहं चुकलं. कार्डाची यादी केली तीही माहीच चूक. मले माफ करा."