पाटाखालचा नंबर

बालपणी पाठशाळेत आमचे गुरुजी धुरावरून अग्नीचे अनुमान करायला शिकवीत आणि प्रत्येक वेळी बजावीत, "आधी तो धूरच आहे, धुके नव्हे, एवढे पाहून घ्या." पुढे मी पोलीस खात्यात शिरलो. अनुमानाची सवय माझ्याबरोबर आली. गुरुजींचे बजावणे मात्र पाठशाळेतच राहिले.

नोकरीच्या पहिल्याच वर्षी, एका लहानशा चौकीत, माझ्या ताब्यातली चोरीच्या तपासातली समई कोणीतरी बदलली. वरिष्ठांपुढे मान खाली घालून उभा राहिलो. त्या दिवसापासून हाती येणाऱ्या वस्तूवर मी शिपाईपणातला माझा बक्कल नंबर खिळ्याने कोरू लागलो. फौजदार झालो, निवृत्त होऊन रोह्यापलीकडे अष्टमी गावात घर केले, तरी ती सवय सुटली नाही. छत्रीवर नंबर, तांब्यावर नंबर, संध्येच्या पळीवरही. पोळपाटावर तो दिसला तेव्हा पत्नी म्हणाली, "आता माझ्या पाठीवर तेवढा घालायचा राहिलाय. घाला, म्हणजे मी हरवणार नाही."

पेणला नेमणूक असताना जवळच्या जोहे गावच्या एका मूर्तिकाराशी ओळख झाली होती. तेव्हापासून आमचा गणपती तोच करी. गणपती ज्यावर बसायचा तो घरचा पाट पावसाळ्याच्या तोंडाशी त्याच्या कारखान्यात नेऊन द्यायचा, अशी रीत. पाट दिला म्हणजे शब्द दिला. अष्टमीतले आमचे शेजारी, निवृत्त मास्तर, माझ्याच सांगण्यावरून आपला पाट तिथे देऊ लागले होते.

एका वर्षी मूर्तिकाराने मोठी नवी शेड उभारलेली दिसली. एवढे कुठून आले, हा प्रश्न मनात रुजला आणि निघेना. वडिलांच्या वेळचा सागवानी पाट त्याच्या हाती देण्यापूर्वी मी प्रथमच त्याच्या खालच्या बाजूस नंबर कोरला.

आषाढ सरत असता, न कळवता, जोह्याला गेलो. अवचित गेल्यावरच माणूस खरा दिसतो, अशी माझी जुनी समजूत. भिंतीशी पाटांची थप्पी होती. त्यातून आमचा काढला आणि उलटा केला. खाली गुळगुळीत तांबडा रंग. नंबर नव्हता.

"हा पाट माझा नव्हे." आवाज ठाण्यातला निघाला.

"साहेब, तुमचाच हाय. आपल्याकडं पाट बदलत नाय," मूर्तिकार म्हणाला.

"मग खालची खूण कुठे गेली?"

"खूण? कसली खूण?"

त्याचा गोंधळ मला कबुलीसारखा वाटला. शेडभर मूर्ती उभ्या होत्या. एकीचेही डोळे अजून आखलेले नव्हते. पाहत होती ती दोन गिऱ्हाइके. त्यांनी आपापले पाट उलटून पाहिले आणि उचलून नेले. मी मात्र तो पाट आमचा मानलाच नाही; तिथेच टाकून परतलो. घरी येऊन मास्तरांना सांगितले. दुसऱ्या दिवशी तेही जाऊन आपला पाट घेऊन आले.

आठवड्याने मूर्तिकार स्वतः अष्टमीला आला. काखेत तो पाट, मागे त्याची वहिनी. तो पायरीवरच थांबला.

"पाच घरांनी पाट नेले, साहेब. पाट परत गेला की आमच्याकडं मानूस चोर ठरतो. गणपती तोंडावर आलाय. वैनी लावणीला म्हायेरी गेलती, काल आली. तिचं ऐका, मग काय करायचं ते करा."

कारखान्यातले सगळे पाट धुण्याचे काम या वहिनीकडे. ती मुळीच बिचकली नव्हती. "अवो साहेब, पाट धुताना बघते तं खाली कोनी मेल्यानं खिळ्यानं खरवडलंय. देवाचा पाट ना तो! मी खाचांत लांबी भरली, घासला, रंग दिला. ज्यानं केलं त्याचे हात झडोत म्हटलं."

आतून पत्नीचा आवाज आला, "झडलेत का बघा हो."

तरीही माझा विश्वास बसला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. चाकू आणला. रंग खरवडला, खालची लांबी उकरली. पहिला आकडा वर आला, मग दुसरा. माझ्याच हातचा वाकडा सात. मी थांबलो.

पत्नी दारात येऊन उभी होती. "पुरा खरवडा," ती म्हणाली. "नाहीतर उद्या पुन्हा शंका येईल."

मी पुरा खरवडला. मग मूर्तिकारापुढे हात जोडले. तो घाईने म्हणाला, "माज्या पाया नका पडू. पाट आना."

मास्तरांच्या अंगणात जाऊन, चारजण ऐकतील असे, घडले ते सांगितले. त्यांनी पाट आणून दिला. दोन्ही पाट खांद्यावर घेऊन पेणची गाडी धरली. जोह्याच्या आसपासची उरलेली चार घरे वहिनीने दाखवली. प्रत्येक दारी मी तेच सांगितले. तीन पाट मिळाले.

चौथ्या घरचा म्हातारा उंबऱ्यातून हलला नाही. "फौजदारसाहेब, त्या दिवशी तुमच्या बोलन्यावर इश्वास ठेवला. आज परत तुमच्याच बोलन्यावर ठेवू व्हय?"

त्याने पाट दिला नाही. पुढच्या वर्षीही दिला नाही. आमचा पाट मी आता कोरा देतो, आणि तो देऊन झाला की दर आषाढात त्या दाराशी जाऊन उभा राहतो.