तापीत सोडलेलं मडकं

मी आईचं इन्सुलिन तापी नदीत विसर्जित केलं. चुकून पडलं नाही, वाहून गेलं नाही. मी ते दोन्ही हातांनी, भक्तिभावानं पाण्यात सोडलं आणि वर नमस्कार केला.

झालं असं की त्या आठवड्यात आमच्याकडे कानबाई बसली होती. आम्ही मूळचे खानदेशातले. आजोबा लूमवर कामाला सुरतेत आले, वडील इथेच शाळामास्तर झाले आणि मी बँकेत चिकटलो. या तीन पिढ्यांत बोली बदलली, घर बदललं, पण श्रावणातल्या रविवारी कानबाई बसायची ती बसायचीच. चौरंगावर कलश, कलशावर नथ घातलेला नारळ. सोमवारी तिला वाजतगाजत तापीवर न्यायचं. आमच्या घरचा नारळ पिढीजात, त्यामुळे त्याला नुसती बुडी देऊन परत आणायचा. बाकीचं सगळं, म्हणजे फुलं, पानं, पूजेतली मडकी, नदीला द्यायचं.

आणि रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं गव्हाच्या मुठी घ्यायच्या, त्याचं पीठ दळायचं आणि रोट करायचे, सोबत पुरणपोळी, खीर. हे रोट भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्याला द्यायचे नाहीत, टाकायचे तर मुळीच नाहीत. नदीपलीकडच्या नवागामहून काका-चुलत्यांची सगळी फौज यायची होती, म्हणून आईनं त्या हिशेबानं पीठ मळलं होतं.

शनिवारी महापालिकेची गाडी भोंगा लावून फिरली. उकाई धरणातून पाणी सोडणार आहेत, नदीकाठच्या सोसायट्यांनी हलावं. आमची सोसायटी अडाजणला, नदीपासून हाकेच्या अंतरावर. बायको म्हणाली, "अहो, आईंना घेऊन आजच नवागामला जाऊ."

पण मी धरणाचा जाणकार होतो ना! मोबाइलवर पातळी बघायची आणि सोसायटीच्या जिन्यात उभं राहून लोकांना धीर द्यायचा, हा माझा पावसाळी उद्योग. मी म्हटलं, "एवढ्या पाण्यानं काही होत नाही. शिवाय उद्या कानबाई बसायची आहे. देवी बसवायची सोडून कुणी घर सोडतं का?"

हे दुसरं वाक्य आईला इतकं पटलं की मग कुणाचंच काही चाललं नाही.

रविवारी दुपारी देवी बसली आणि संध्याकाळी तापी आली. सुरतेत पुराला रेल म्हणतात. रेल येते तेव्हा आवाज करत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. आधी गटारांतून पाणी उलटं वर आलं, मग पार्किंगमधल्या स्कूटरी दिसेनाशा झाल्या, मग वीज गेली. सकाळी उठून पाहिलं तर पहिल्या मजल्यावरचे लोक गच्चीवर राहायला गेलेले आणि पाणी जिन्यातून आमच्या दुसऱ्या मजल्याकडे बघत असलेलं.

पूल बंद झाल्यामुळे नवागामची फौज आलीच नाही. फौजेचे रोट उरले. खाणारे आम्ही तिघं, मी, बायको आणि आई. आई साखरेची पेशंट. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन, ते बायको देते. आईला सांगितलं, "आता बस कर." ती म्हणाली, "रोट टाकता येत नही रे भो. देवीनं शे." आणि पुरणपोळीचा पुढचा घास घेतला. मीही खात होतो, पण पोट हे एक मर्यादित खातं आहे. आईचं तसं नव्हतं. तिच्या पोटामागे अख्ख्या भावकीची जबाबदारी उभी होती.

वीज गेली तसा फ्रिज बंद पडला. बायकोनं काय केलं, इन्सुलिनच्या दोन्ही बाटल्या एका लहान मडक्यात ठेवल्या, मडकं ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, चौरंगाशेजारी ठेवलं. फडकं कुठलं? पूजेचं उरलेलं लाल कापड. हाताशी तेच मिळालं. तिनं मला हे सांगितलं होतं, असं तिचं म्हणणं आहे. मी त्या वेळी जिन्यात उभा राहून शेजाऱ्यांना धरणाची पातळी वाचून दाखवत होतो, त्यामुळे तिचं म्हणणं खरंच असणार.

सोमवारी विसर्जनाची वेळ झाली. नदीवर जायचं कसं? तेव्हा मला सुचलं. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे "तेव्हा मला सुचलं" या तीन शब्दांनी सुरू होतात. मी म्हटलं, "आई, आपण तापीवर जायची गरजच काय? तापी आपल्याकडे आलीय."

आई प्रसन्न हसली. मीही स्वतःवर खूश झालो. चौरंगाजवळचं सगळं एका परातीत भरलं, जिना उतरलो आणि पाण्यातल्या पायरीवर उभा राहिलो. नारळाला बुडी दिली, पुसून काखेत घट्ट धरला. फुलं सोडली, पानं सोडली. लाल कापडातलं मडकं सोडलं. ते जरा वेळ तरंगलं, जिन्याच्या कठड्याला एकदा टेकलं, जणू विचारत होतं, नक्की ना? मग खिडकीच्या मोडक्या जाळीतून बाहेर पडून गेलं. मी हात जोडले.

वर आलो तर बायको सिरिंज घेऊन उभी. सकाळचं इंजेक्शन पूजेच्या गडबडीत राहिलं होतं.

"इथलं मडकं कुठंय?"

"सोडलं."

तिनं सिरिंज परत डबीत ठेवली. काही बायका अशा वेळी ओरडतात. तसं झालं असतं तर बरं होतं.

दुपारपर्यंत आई पाणी मागत राहिली. तांब्यामागून तांब्या. मग मागेनाशी झाली. भिंतीला टेकून बसली, तोंड सुकलेलं, हाक मारली की डोळे उघडायची आणि लगेच मिटायची. बायकोनं बोटातून थेंब काढून यंत्रावर धरला, तर आकडाच येईना. आकडा यंत्राच्या हद्दीबाहेर गेला होता. खाली पाणी चढतंय आणि वर आईच्या अंगात साखर चढतेय, आणि मधल्या मजल्यावर मी नारळ घेऊन उभा. नारळ मात्र सुखरूप होता.

पुलाच्या चढावर सरकारी छावणी लागलीय आणि तिथं डॉक्टर आहेत, अशी बातमी गच्चीवरून आली. थोड्या वेळानं होडीही आली. समुद्रकाठच्या गावातून बोलावलेला मच्छीमार, लाकडी होडी, मागे फटफटणारी मोटर. गच्चीवरच्या लोकांना दूध-पाणी द्यायला आला होता. आईला होडीतून न्यावं असं मी म्हटलं, पण तिला उभंही राहता येईना आणि होडीत आधीच मागच्या इमारतीतली एक गुजराती म्हातारी लोणच्याची बरणी मांडीवर घेऊन बसलेली. बायको म्हणाली, "मी आईंना सोडून हलत नाही. तुम्ही जा." आणि कचऱ्याच्या डब्यातून इन्सुलिनची जुनी रिकामी बाटली शोधून माझ्या शर्टाच्या खिशात घातली. "तिथं काही बोलायचं नाही. हे दाखवायचं. बस."

मी जिन्याच्या खिडकीतून होडीत उतरलो. मच्छीमार म्हणाला, "काका, बेसी जाव. हालता नहीं."

आमची गल्ली मी वीस वर्षं बघत आलोय, पण त्या दिवशी मला ती ओळखता येईना. दुकानांच्या पाट्या माझ्या छातीशी आल्या होत्या. विजेच्या तारांखाली वाकून जावं लागत होतं. मधेच होडीचा तळ कशावर तरी खरवडला, कुणाच्या तरी ट्रकचं छप्पर असणार. पाणी तपकिरी, जाड, आणि त्यावर रॉकेलचा वास. म्हातारी डोळे मिटून काहीतरी जपत होती. मी मनात एकच हिशेब करत होतो, आई अजून हाकेला ओ देत असेल का.

गल्लीच्या तोंडाशी मला ते दिसलं. एका झाडाच्या फांद्यांत अडकलेलं, गोल, लालसर, वरखाली होणारं.

"मडकं! माझं मडकं!" मी ओरडलो आणि उभा राहिलो.

होडी एका अंगावर कलली. भसकन पाणी आत आलं. मच्छीमारानं माझी कॉलर धरून खाली ओढलं, आणि म्हातारीनं डोळे उघडून खास सुरती आवाजात सुनावलं, "बेस ने, मूआ! मारे हजी अथाणुं खावानुं छे." तिला अजून लोणचं खायचं होतं, आणि ते रास्तच होतं.

जवळ गेल्यावर दिसलं, ते हेल्मेट होतं.

मोठ्या रस्त्यावर नदीकडून आडवा ओढा येत होता. तिथं मोटर घरघरली आणि बंद पडली. होडी आडवी फिरली. मच्छीमारानं दोर फेकून दिव्याच्या खांबाला अडकवला आणि पंख्यात गुंतलेलं प्लास्टिक काढू लागला. मी खांबाला मिठी मारून बसलो. पाणी होडीच्या कडेला थापा मारत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की तापीला आपण माय म्हणतो ते प्रेमानं नव्हे, घाबरून म्हणतो.

छावणीतला डॉक्टर तरुण होता, डोळे लाल झालेले. मी बाटली दाखवली. त्यानं विचारलं, "जुनी कुठे गेली?"

बायकोनं बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी म्हटलं, "वाहून गेली."

"घरात पाणी शिरलं?"

"हो... म्हणजे... जवळजवळ."

त्यानं बर्फाच्या पिशवीत एक बाटली बांधून दिली, किती द्यायचं ते सांगितलं आणि म्हणाला, "शुद्ध हरपली तर इथं उचलून आणा, वाट बघू नका. आणि वीज नसेल तर बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवा."

मी मान डोलावली.

होडी दुसऱ्या फेरीला गेली होती. पुलाच्या चढावर उभा राहून मी बर्फ वितळताना बघत होतो. पिशवीतून थेंब थेंब गळत होता. मोबाइल मेलेला. ऊन कलायला लागलं. प्रत्येक मोटरच्या आवाजाला मी पाण्यापर्यंत धावायचो आणि दोरी धरून उभा असलेला पोलीस मला मागे हाकलायचा. आमचा मच्छीमार आला तेव्हा मी त्याच्या पायाच पडणार होतो, पण होडीत हलायची मला बंदी होती. परतताना बाटली बनियनच्या आत पोटाशी धरली. त्यानं विचारलं, काय झालं होतं नेमकं? ओढा ओलांडून झाल्यावर मी खरं सांगितलं. त्यानं मोटरचा वेग वाढवला.

घरी पोचलो तर बायको आईचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. आई हाकेला ओ देत नव्हती, नुसती कण्हत होती. बायकोनं सिरिंज भरली, सुई बरोबर गेली. मग आम्ही वाट बघत बसलो. बायको ओल्या फडक्यानं आईचे ओठ टिपत होती. मी खिडकीपाशी पायऱ्या बघत होतो, पाणी कितव्या पायरीवर आहे. बाहेर अंधारू लागलं. पाणी एक पायरी उतरलं होतं. की मला तसं वाटत होतं?

पुन्हा थेंब काढला. या वेळी यंत्रावर आकडा आला. भयंकर होता, पण आकडा होता. आणि थोड्या वेळानं आईनं डोळे उघडले, घरभर बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "रोट सरनात का?"

बायको रडायला लागली. मग रडत रडतच तिनं सगळं सांगून टाकलं. मडकं, लाल फडकं, जिन्यातलं विसर्जन, सगळं. मला वाटलं होतं, हे तरी आपण घरातल्या घरात मिटवू.

आईनं सावकाश माझ्याकडे मान वळवली. चौरंगाकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"बरं झाय बाप्पा, मी त्या चौरंगजवय बठेल नव्हती," ती म्हणाली. "नहीते तू मालेबी तापीमा सोडी येता."