विष्णूच्या गाडीचं छत

आमच्या अड्ड्यावर किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते आपोआप साचतात. जुनी गाडी चार दिवस एका जागी उभी राहिली की तिच्याखाली ऑइल साचतं ना, तसंच. कुठून गळतंय ते शोधत बसायचं नसतं!

अड्डा म्हणजे बीडच्या बायपासला रफिकचाचाची डेंटिंग-पेंटिंगची शेड आणि तिच्यासमोरचं लिंबाचं झाड. मी जुन्या गाड्यांची दलाली करतो. लोक मला बप्पा म्हणतात. बप्पानं दहा गोष्टी सांगितल्या तर दोन सोडून द्यायच्या, असंही म्हणतात. म्हणोत. खालच्या किश्श्यांतून फार तर एक सोडून द्या. कोणता सोडायचा ते तुम्हीच ठरवा.

*

पूर्वी हा धंदा सुखाचा होता. गाडी ठोकली की चाचाकडं यायची. चाचा पत्रा ओढायचा, खड्ड्यांत लांबी भरायचा, रंग मारायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "ठोकलेली न्हाई ना?" आपण म्हणायचं, "मालक डॉक्टर हाय, फक्त रविवारी काढायचा!" विषय संपला.

चाचानं तर एकदा दोन ठोकलेल्या जीपांची एक जीप केली. पुढचं धड एकीचं, मागचं दुसरीचं, मधे वेल्डिंग. पाटोद्याच्या एका पाव्हण्यानं ती नेली. सहा महिन्यांनी पाव्हणा परत शेडसमोर उभा! आम्ही सगळे लिंबाच्या पलीकडं सरकलो.

पाव्हणा म्हणाला, "चाचा, गाडी लई झ्याक हाय. फकस्त वळणावर पुढचं आधी वळतंय, अन् मागचं इचार करून वळतंय."

चाचा पान चघळत म्हणाला, "नया नया निकाह हय, मियाँ. थोडे दिन में जमेगा!"

*

आता तसं राहिलं नाही. गिऱ्हाईक येतं, गाडीकडं बघतसुद्धा नाही. नंबर फोनमध्ये टाकतं, की लगेच पुढं येतं: कधी ठोकली, विम्याचा क्लेम केवढा, काय काय बदललं. माणसाची चुगली शेजारी करतात, गाडीची चुगली तिची नंबरप्लेटच करते. आणि क्लेम मोठा दिसला की भाव निम्म्यावर! गाडी कितीही टकाटक असू द्या.

यात सगळ्यात जास्त कुणी सोसलं असेल तर आमच्या विष्णूनं.

विष्णू केजकडचा. गाडी एकच, पांढरी, छताला काचेची खिडकी असलेली. त्या खिडकीनंच त्याचा घात केला. त्याच्या भागातले पुढारी अण्णा बाजार समितीचा उमेदवारी अर्ज भरायला निघाले तेव्हा शक्तिप्रदर्शन करायचं ठरलं. अण्णांच्या स्वतःच्या गाडीला छतात खिडकी नव्हती, आणि खिडकीशिवाय पुढाऱ्यानं उभं राहायचं कुठं? म्हणून विष्णूची गाडी घेतली. अण्णा आत उभे राहिले, कमरेपासून वर बाहेर. चौकात जेसीबी उभा होता, बकेट झेंडूच्या फुलांनी गच्च भरलेलं. फुलं उधळली. इथपर्यंत सगळं रीतीप्रमाणं.

पण ऑपरेटर अण्णांचा कट्टर माणूस. त्याला वाटलं, नुसती फुलं टाकून कसं भागेल? मशीननं मुजरा केला पाहिजे! त्यानं बकेट खाली झुकवलं. एकदा झुकवलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्यांदा आणखी खाली झुकवलं. तिसऱ्यांदा भक्ती जरा जास्तच झाली, आणि बकेट थेट छतावर!

अण्णांना खरचटलंसुद्धा नाही. आयुष्य राजकारणात गेलेलं. वेळेवर खाली बसायचं त्यांना बरोबर कळतं!

छत आणि पुढची काच मात्र गेली. विष्णूनं सरळमार्गी माणसासारखा विम्याचा क्लेम केला, चाचानं जुनं छत कापून नवं बसवलं, आणि ते सगळं कायमचं नोंदवलं गेलं.

*

पुढं विष्णूनं पुढाऱ्यामागं फिरणं सोडलं. केज रस्त्याला नाक्यावर एक गाळा रिकामा झाला होता. तिथं चहा-नाष्ट्याचं हॉटेल टाकायचं त्याच्या मनात बसलं. गाळ्याचा मालक म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांबतो. त्याच्यापुढं दुसऱ्याला देतो." म्हणजे दसऱ्याच्या आत गाडी विकली तर हॉटेल, नाही तर पुन्हा अण्णांच्या सतरंज्या उचला. विष्णूनं गाडी धुऊन पुसून लिंबाखाली आणून लावली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते बीडातल्या क्लासचे गणिताचे सर. त्यांनी फोन बघितला आणि चष्मा वर केला.

"छत बदललंय. म्हणजे गाडी पलटी झालेली आहे."

"न्हाई हो सर! जेसीबीनं मुजरा केलता."

सरांनी चष्मा पुन्हा खाली घेतला. "कुणी?"

विष्णूनं सगळं खरं खरं सांगितलं. झेंडू, ऑपरेटर, तीन मुजरे. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरं गृहपाठ न करता येतात तेव्हा यापेक्षा बरी कारणं सांगतात."

आणि गेले!

*

मी विष्णूला म्हणालो, "येड्या, खरं सांगून गाडी विकती का? पटेल असं सांग. झाड पडलं म्हण."

"पण बप्पा, खोटं..."

"झाडं पडतात का न्हाई? पडतात. मग खोटं काय त्याच्यात?"

दुसरं गिऱ्हाईक आलं. नर्सरीवाले होते, हे आम्हाला नंतर कळलं. छताचं विचारल्याबरोबर विष्णूनं सांगितलं, "वादळात झाड पडलं."

"अस्सं? कोणतं झाड?"

विष्णू म्हणाला, "बाभूळ." त्याच क्षणाला मी म्हणालो, "चिंच!"

नर्सरीवाल्यांनी आधी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, "दोन्ही एकदमच पडली का पाठोपाठ?"

चाचा शेडमधून ओरडला, "बोलो, आंबा भी था! रस निकालने में देर हुई!"

*

मग विष्णूनं ऑनलाइन गाड्या घेणाऱ्या एका कंपनीला बोलावलं. टाय लावलेला माणूस आला. त्यानं रंगाची जाडी मोजायचं मशीन काढलं आणि दरवाजे, बोनेट, डिकी, सगळीकडं लावलं. सगळं ओरिजिनल! छताला लावलं तर मशीननं आकडा थोडा जास्त दाखवला. चाचाचा चेहरा पडला. दोन जीपांची एक जीप करणारा माणूस, त्याला हाताएवढं मशीन पकडतं म्हणजे काय!

टायवाल्यानं फोटो पाठवले आणि फोनकडं बघत बसला. कंप्युटरनं भाव पाठवला. तो ऐकून विष्णू खालीच बसला. तेवढ्या पैशांत ट्रॅक्टरची मागची दोन चाकं आली असती.

विष्णू म्हणाला, "साहेब, जरा वाढवा की. गाडी आतून एक नंबर हाय."

"माझ्या हातात काही नाही. भाव कंप्युटर ठरवतो."

"मंग त्याला फोन लावून द्या, मी बोलतो!"

*

आता दसरा तोंडावर आला. गाळ्याच्या मालकाचे दोन फोन येऊन गेले. विष्णूचं जेवण कमी झालं, विडी वाढली.

त्यातच एक बरं गिऱ्हाईक आलं. कापसाच्या जिनिंगवाले शेठ. त्यांना गाडी मनापासून आवडली. म्हणाले, "तुझी ती बकेटची गोष्ट खरी असेल तर मी पूर्ण भाव देतो. पलटी झालेली गाडी मात्र मला नको. कुणी साक्षीदार आहे?"

साक्षीदार! अहो, साक्षात अण्णा होते की! मिरवणुकीची चित्रफीत शिल्लक असती तर प्रश्नच नव्हता, पण अण्णा त्यात खाली बसताना दिसत होते, म्हणून त्यांनी ती सगळ्या ग्रुपवरून काढायला लावली होती. विष्णूनं अण्णांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अण्णा, विष्णू बोलतोय. हे एक पाव्हणे हायेत, त्यांना जरा सांगता का, अर्ज भरायच्या दिशी जेसीबीचं बकेट..."

पलीकडून अण्णांचा सभेतला आवाज आला, "असं काहीही घडलेलं नाही! हा विरोधकांचा अपप्रचार आहे! जनता त्यांना..."

पुढचं भाषण शेठनं ऐकलं नाही. ते गाडीत बसून गेलेसुद्धा. स्वतःच्या.

चाचा म्हणाला, "बावा, तेरी गाडी का ॲक्सिडेंट हुआ या नहीं हुआ, ये पैले अण्णा से मंजूर करा ले!"

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. विष्णूनं आशा सोडलेली, लिंबाखाली आडवा पडलेला. एक पाव्हणा आला. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, मागं चार माणसं. वडिलांचा बैलांचा धंदा, आणि यंदा स्वतः पंचायत समितीला उभं राहायचं ठरवलेलं.

त्यानं फोन काढला. मी मनात म्हटलं, झालं, बघितला क्लेम! पण तो क्लेम बघतच नव्हता. त्यानं फोन विष्णूपुढं धरला. त्यात तीच मिरवणूक! तेच बकेट, तेच झेंडू, तेच अण्णा खाली बसताना!

"सगळ्यांनी काढून टाकलं, मी जपून ठिवलं," पाव्हणा म्हणाला. "ही तीच गाडी हाय का?"

विष्णू उठून बसला. "व्हय, तीच!"

"अण्णा आधी दोनदा निवडणुकीत पडले होते ना रं?"

"दोनदा."

"अन् हिच्या डोक्यावर बकेट बसलं तवा निवडून आले?"

"लई मतांनी!"

पाव्हण्यानं मागच्या चौघांकडं बघून मान डोलावली. मग बैलबाजारातल्या रीतीप्रमाणं गळ्यातलं उपरणं काढून विष्णूच्या हातावर टाकलं आणि त्याखाली विष्णूची बोटं धरली. बाजारात भाव असाच ठरतो. तोंडानं कुणी काही बोलत नाही. जितकी बोटं धरली तितके लाख. आम्ही फक्त विष्णूचं तोंड बघत होतो. ते हळूहळू उजळत गेलं. त्याला पाहिजे होतं त्याच्यापेक्षाही जास्त मिळत होतं!

तेवढ्यात आनंदाच्या भरात विष्णू बोलून गेला, "अन् काळजी करू नका पाव्हणं, छत चाचानं एकदम नवं टाकलंय!"

पाव्हण्याचा हात उपरण्याखाली जागच्या जागी थांबला.

"नवं?"

"म्हंजे... जुनं चेपलं होतं ना."

"मंग बदललं कावून? ज्याच्यावर बकेट बसलं तेच न्हाई, तर ही नुसतीच पांढरी गाडी झाली की!" आणि त्यानं उपरण्याखालचं एक बोट सोडलं.

विष्णूचं तोंड विझलं. त्या एका बोटात त्याचा गाळा होता.

चाचा इतका वेळ दारात उभा होता. त्यानं खाकरून घसा साफ केला. "मियाँ, पुराना छत हय."

"कुठं हाय?"

"घर पे. मुर्गियों के खुराडे पर."

आम्ही सगळे चाचाच्या घरी गेलो. परसात खुराडं, त्यावर विष्णूच्या गाडीचं छत, मधोमध चेपलेलं. छतातल्या खिडकीच्या भोकातून एक कोंबडा कमरेपासून वर बाहेर येऊन उभा. पाव्हण्यानं उपरणं सावरलं आणि छताला दोन्ही हात जोडले. चाचाची बायको आतून ओरडत होती, "और मेरी मुर्गियाँ कहाँ जायेंगी?" तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं. पाव्हण्यानं सोडलेलं बोट पुन्हा धरलं होतं.

त्याच संध्याकाळी विष्णूनं गाळ्याच्या मालकाच्या हातात पैसे ठेवले. आणि पांढरी गाडी केज रस्त्यानं गेली ती दोन छतं घेऊन, एक बसवलेलं आणि एक वरून दोरीनं बांधलेलं. कोंबडा काही केल्या खाली उतरला नाही.