आमचे हे यरुशलेमला गेले

कापसाला सोन्याचा भाव आला त्या साली वऱ्हाडात लोकांना काय करू नि काय नको असं झालं होतं. कुणी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली, कुणी गाडीच्या चाकांना. आमच्या ह्यांनी कापूस विकला आणि घरी येऊन म्हणाले, "मी यरुशलेमले जातो."

"काय बाप्पा! ते काय अकोल्याच्या पलीकडं हाये?" मी म्हटलं. रागच आला मला. पण आमचे पाद्रीसाहेब येशूच्या जन्माची, मरणाची ती सगळी ठिकाणं पाहायला निघाले होते, आणि ह्यांनी त्यांच्यासोबत जायचं ठरवूनच टाकलं होतं.

आमचा बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून माझ्या सासूनं आमच्या हातचं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. ती अकोल्याकडं, धाकट्या लेकाजवळ राहायची. हे भेटायला गेले की ओट्यावर बसवायची, पोटभर जेवू घालायची, पण ह्यांच्या हातचं घोटभर पाणी? नाव नको! निघायच्या दिवशी हे म्हणाले, "समुद्रात काही झालं तं एकच गोष्ट राहून जाईन. मायनं माह्या हातचं पाणी पेलं नाई." एवढा दांडगा माणूस, डोळे पुसत गाडीत बसला.

मग माझे दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येत नाही. यरुशलेमला गावाभोवती परकोट आहे, वेशी आहेत, असं प्रार्थनेच्या वेळी ऐकलं होतं. म्हणून मी आमच्या अमरावतीच्याच वेशीत जाऊन उभी राहायची आणि येणाऱ्या गाड्यांच्या धुळीत मला जैतुनाची झाडं दिसायची. जैतून कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा ती कडुनिंबासारखीच दिसायची. कापूस वेचता वेचता शेत हलायला लागायचं, त्याचं गालीलचं सरोवर व्हायचं, आणि पलीकडच्या काठानं हे धोतर वर खोचून चाललेले असायचे. शेजारीण ओरडायची, "अवं, ओटी भरली तुही! कुठं पाहून राहिली?" मला हसू यायचं. भीती होती, तरी सुखाचेच दिवस ते.

हे परतले ते काळे पडून, अर्धे होऊन. किती बोलायचे! बेथलेहेमातल्या देवळाचं दार इतकं ठेंगणं की वाकूनच आत जावं लागतं. एका समुद्रात तर माणूस बुडूच शकत नाही. मी ऐकत राहायची. माझ्या मनातलं आणि ह्यांनी पाहिलेलं कुठं जुळायचं, कुठं नाही, पण मला दोन्ही खरंच वाटायचं.

अशात एका सकाळी सासू बैलांच्या दमणीतून उतरली. अंगणात आली आणि सरळ ह्यांच्या पाया पडायला वाकली.

"अवं माय, हे काय करून राहिली!" हे मागं सरले.

"तुह्या पाया कोन पडते? तीर्थाहून आलेल्या मानसाच्या पडून राहिली मी."

आमच्याकडं काशीहून कुणी आलं की वय, नातं न बघता त्याच्या पाया पडतात, आणि त्यानं आणलेलं पाणी तळहातावर घेऊन पितात. त्या पाण्याला विटाळ नसतो. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, म्हातारी कशासाठी आली होती. लेकाच्या हातचं पाणी प्यायला तीही इतके दिवस वाट शोधत होती.

तिनं तळहात पुढं केला. "आन."

ह्यांचं तोंड उतरलं. पाद्रीसाहेबांनी बजावलं होतं, नदीचं पाणी म्हणजे नुसतं पाणी, त्याची पूजा करायची नाही. म्हणून ह्यांनी तिथल्या यार्देन नदीचा थेंबही आणला नव्हता. असा जीव जळाला माझा त्या पाद्र्यावर! आत घागर भरलेली होती. तिचंच गडूभर पाणी आणून द्यावं, म्हातारीला काय कळणार, असं मनात आलंही. पण हे बोलून मोकळे झाले, "माय, आनलं नाई वं मी."

सासू तशीच उभी. हात मागं घेईना. मला तिच्याकडं बघवेना.

"तिथल्या नदीत उतरला होता?" तिनं विचारलं.

"उतरलो."

"हात बुडवले होते?"

"व्हय. ओंजळीनं पेलो बी."

"मंग त्याच हातानं घरचं दे."

मी धावत जाऊन गडू भरून आणला. ह्यांनी घाईघाईनं गडू असा ओतला की अर्धं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. उरलेलं ती प्यायली, आणि तो ओला हात तिनं पुन्हा पुढं केला.