टिप्परातलं जर्मन

बोलायच्या आधी तो डाव्या हाताने हवेत गियर टाकायचा. नमस्कार असो की भांडण, आधी हात पुढे सरकायचा, मग तोंड उघडायचं. "आधी गियर, मगे स्पीड," हे त्याचं ब्रीद.

मंडळी, असा माणूस तुमच्याही वाड्यावर असेल. पण तुमचा काही जर्मन बोलत नसेल. आमचा बोलायचा, तेही उभ्या टिप्परात बसून!

तो मूळचा दोडामार्गाकडचा. गोव्यात मुळगावला खनिजाचा टिप्पर चालवायला आला आणि माझा शेजारी झाला. पुढे खाण बंद पडली. टिप्पर अंगणात उभा राहिला, चाकांभोवती गवत वाढलं. "माझो हात गंजता हा, मास्तर," तो म्हणायचा. मग चाळिशी ओलांडल्यावर त्याला कुठून तरी कळलं, की जर्मनीत ट्रक चालवायला माणसं हवीत. अट एकच. तिथल्या भाषेची परीक्षा पास व्हायला हवी.

डिचोलीतल्या क्लासात त्याने नाव घातलं. मीही घातलं. मी शाळामास्तर, तीन भाषांचा धनी. खरं सांगतो, गंमत बघायला गेलो होतो. वर्गात सगळ्या नर्सिंगच्या मुली आणि मागच्या बाकावर आम्ही दोन बाप्ये.

त्याने तोंड उघडलं की मुली खिदळायच्या. म्हणून तो घरी येऊन टिप्परात चढायचा, काचा वर करायचा आणि मोठ्याने घोकायचा. शब्द डोक्यात राहीनात, तेव्हा त्याने ते खाणीपासून धक्क्यापर्यंतच्या आपल्या जुन्या रस्त्यावर मांडले. फाटकावर जर्मन 'नमस्कार'. वजनकाट्यावर 'कृपया'. ओढ्यावरच्या अरुंद मोरीवर, म्हणजे छोट्या पुलावर, दोन टिप्पर मावत नसत, एकाला मागे सरावं लागे. तिथे 'माफ करा'. नदीच्या धक्क्यावर माल ओतला की 'पुन्हा भेटू'. गाडी जागची हलत नव्हती, पण हा स्टिअरिंग फिरवत खेपांवर खेपा मारत होता.

स्वयंपाकघरातून बायको ओरडायची, "ओ, धक्को इलो काय? भात निवलो!"

मी शाळेत त्याची नक्कल करायचो. तो डावा हात, ती बंद काच. मास्तरलोक पोट धरून हसायचे. हे त्याच्या कानावर गेलं होतं. तरी क्लासला जाताना तो मला हाक मारायचाच.

परीक्षा पणजीला. तोंडी परीक्षा जोडीजोडीने, आणि नशिबाने जोडी लावली ती आमची! मित्रासाठी सहल ठरवायची, एकमेकांशी जर्मनमध्ये बोलून. मी पहिली दोन वाक्यं अशी फेकली, की परीक्षक बाई चमकून वर बघू लागल्या. मग त्याने प्रश्न विचारला, आणि तिसऱ्या वाक्याला माझं डोकं कोरं! जोडीदार गप्प झाला तर हा बोलणार कोणाशी? माझ्यापायी त्याची जर्मनी अडली होती.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याचे डोळे मिटलेले. डावा हात टेबलाखाली हळूच मागे आला.

"एन्टशुल्डिगुंग," तो म्हणाला. माफ करा. आणि आपलाच प्रश्न त्याने सोपा करून पुन्हा विचारला. मी फक्त 'या', म्हणजे 'हो', म्हणायचं होतं. मी 'या' म्हणालो. मग पुढचा, तसाच सोपा. असं ओढत ओढत त्याने मला धक्क्यापर्यंत नेलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अरे, अडकलो मी. माफी तू कशाला मागितलीस?"

"मोरी इली, मास्तर. एकान मागे घेवकच व्हया."

तो पास झाला. मला पुन्हा बसायला सांगितलं.

जर्मनीला जाताना त्याने टिप्परची चावी माझ्या हातात ठेवली. "अभ्यास करा," एवढंच म्हणाला. मास्तराला!

आता संध्याकाळी काचा वर करून मी घोकत बसतो. नक्कल माझी होते, हे मला पक्कं ठाऊक आहे. परवा तिथेच बसलेलो असताना त्याचा फोन आला.

"मास्तर, हय गियर उजव्या हाताक असा. पण शब्द अजून डाव्यानच येतत. तुमी खय पोचलास?"

"मोरीपाशी," मी म्हणालो, आणि डाव्या हाताने रिव्हर्स टाकला.