एका दमात वायूचा नियम

चार जुने दोस्त जमले की कर्जतच्या उन्हाळी वर्गाचे किस्से निघतातच. एकाने सांगावा, दुसऱ्याने त्यात तिखटमीठ घालावं, असं करत त्यांचा ढीग झालाय. मी तिखटमीठ घालत नाही.

घाटात विजेची इंजिनं नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. आम्ही सात जण कर्जत-खालापूरकडचे, इंटर सायन्सला जाऊन आपटलेले. नाना मास्तर मुंबईच्या एका कॉलेजच्या जिमखान्यातून निवृत्त होऊन कर्जतला राहायला आले होते. आमच्या घरच्यांनी आम्हाला त्यांच्या ताब्यात दिलं.

पहिल्याच दिवशी नाना म्हणाले, "सकाळी पुस्तक, संध्याकाळी हुतुतू. संध्याकाळी जो मैदानावर दिसणार नाही, त्याने सकाळी माझी पायरी चढू नये."

मी धीर करून विचारलं, "पण नाना, खेळून पास कसे होणार?"

"न खेळता झालात का?"

* * *

दत्तू पोशीर गावचा. आमच्यात सगळ्यात हुशार, पण बोलताना अडखळायचा. लेखी पेपर झकास गेले, तोंडी परीक्षेत पहिल्याच अक्षरावर अडकला आणि वेळ संपली. त्याचे वडील त्याला सोडायला आले, ते ओटीवर उभ्याउभ्या एवढंच बोलले, "औंदा शेवटचं. नाय जमलं तर घरी ये रं. नांगराला बोलावं लागत नाय."

आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. दत्तू मान खाली घालून वडिलांच्या पायांकडे बघत होता.

* * *

नानांच्या हुतुतूत एक भलताच नियम होता. चढाईला जाणाऱ्याने 'हुतुतू' म्हणायचं नाही, सकाळचा इंग्रजीतला धडा म्हणायचा. तोही एका दमात, न थांबता. दम तुटला की बाद.

दत्तू आठवडाभर रेघ ओलांडेना. आठव्या दिवशी नानांनी त्याला पाठीला हात लावून ढकललंच. आता याचं हसं होणार, असं मला वाटलं.

आणि दत्तू सुटला! वायूचा अख्खा नियम, दाब, आकारमान, तापमान, एका सुरात, कुठेही न अडता. दोघांना शिवून रेघेअलीकडे आला, गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत म्हणाला, "प-प-पाणी."

त्या दिवशी कुणी हसलं नाही.

* * *

दर रविवारी ठाकूरवाडीचे गडी डोंगर उतरून आमच्याशी खेळायला यायचे आणि आमचा भुगा करून जायचे. त्यांच्यातला हिरू कधी शाळेत गेला नव्हता. एका रविवारी तो चढाईला आला, तो आमचाच वायूचा नियम म्हणत. इंग्रजीत, शब्द न शब्द! आमचे तिघे तोंड उघडं टाकून ऐकत राहिले आणि तिघेही बाद झाले.

"हिरू, हे शिकलास कुठे?" नानांनी विचारलं.

"तुमीच वरडता न्हवं? आमी आयकतो."

नाना आमच्याकडे वळले. "चला, दोन महिन्यांत एक तरी पास झाला."

* * *

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुंबईच्या गाडीची वाट बघत असताना कर्जत स्टेशनात दत्तू मला म्हणाला, "तिथे म-मैदान नसतं रे." मी फलाटाच्या कडेला जाऊन गाडी दिसते का ते बघू लागलो. गाडी आली तेव्हा बरं वाटलं.

* * *

तोंडी परीक्षेला दत्तूच्या मागे माझा नंबर होता, म्हणून दारातून मला सगळं दिसत होतं. परीक्षक धिप्पाड, डोक्यावर पगडी, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. "वायूचा नियम सांगा," ते म्हणाले.

दत्तूचे ओठ हलले. आवाज नाही. परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि पुन्हा विचारलं. दत्तूच्या कपाळावरून घाम ओघळला. त्याच्या वडिलांचं ओटीवरचं बोलणं मला आठवलं.

परीक्षकांनी लेखणी उचलली.

तेवढ्यात दत्तूने वहाणा काढून बाजूला ठेवल्या. पायाच्या अंगठ्याने फरशीवर आडवी रेघ ओढली. वाकून तिला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि छाती भरून श्वास घेतला.

परीक्षक त्या न दिसणाऱ्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी लेखणी खाली ठेवली, पगडी काढून टेबलावर ठेवली, खुर्ची मागे सारली. उभं राहून धोतराचा काचा मारला आणि गुडघ्यांत वाकून, दोन्ही हात पसरून म्हणाले, "ये."