लुस्मिलाने दृष्ट काढलेला ग्रिंगो

क्वेंका या डोंगराळ शहराच्या बाजारात मंगळवारी आणि शुक्रवारी लुस्मिला उग्र वासाच्या सतापाच्या जुड्या, गावठी अंडी आणि उसाच्या दारूची बाटली मांडून बसायची. किरकिरी पोरं, धंदा बसलेले दुकानदार, सुनांवर चिडलेल्या सासवा, सगळ्यांची दृष्ट काढायची. ही विद्या तिला मावशीने दिली होती, खणखणीत आवाजासकट. तिच्या मुलाला, विल्मेरला, मात्र त्यात रस नव्हता. मिसरूड फुटताच तो न्यूयॉर्कला छपरं घालायच्या कामावर निघून गेला.

एका शुक्रवारी डोरीन नावाची अमेरिकन बाई नवऱ्याला, नॉर्मनला, दंडाला धरून घेऊन आली. दोघं नुकतीच इथे राहायला आली होती; अशा परक्या गोऱ्यांना बाजार 'ग्रिंगो' म्हणायचा. तिला निळ्या घुमटांचं, नदीकाठाचं, फुलबाजाराचं वेड लागलं होतं. नॉर्मनला काहीच गोड लागत नव्हतं.

"घर गार, जिने उभे, रविवारी सगळं बंद. परत जायचं म्हणतात," डोरीनने मोडक्या स्पॅनिशमध्ये गाऱ्हाणं मांडलं.

"शर्ट वर करा, डॉन नॉर्मन," लुस्मिलाने अदबीचं 'डॉन' लावून फर्मावलं.

"कशाला?" त्याने डोरीनमार्फत विचारलं.

"पोटाची लाज वाटते होय? याहून मोठी पोटं पाहिलीत मी!"

आजूबाजूच्या बाया खिदळल्या. लुस्मिलाने त्याला जुडीने डोक्यापासून पायापर्यंत झोडपलं, तोंडावर दारूचा फवारा मारला, बेंबीवर राखेची फुली काढली. मग त्याच्यावरून उतरवलेलं अंडं पाण्यात फोडून निरखलं.

"दृष्टबिष्ट काही नाही. यांना भांडायला माणूस नाही. तिकडे कुणाशी भांडायचात?"

नॉर्मन ओशाळला. "मित्रांशी. पत्ते खेळताना."

"मग आधी सांगायचं ना! सेगुंदो, या ग्रिंगोला 'चाळीस' शिकव रे!"

सेगुंदो तिचा भाऊ. भाजलेलं डुक्कर विकायचा आणि दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की पोत्यावर पत्ते मांडायचा. 'चाळीस'मध्ये पत्त्यांपेक्षा टोमणे जास्त. "डॉन नॉर्मन, घरी जाऊन बायकोला पाठवा, ती बरी खेळेल!" असं ऐकून नॉर्मन इंग्रजीत ओरडला, पान आपटलं, हरला आणि दुसऱ्या दिवशी हजर झाला. स्पॅनिश आकडे तो तिथेच शिकला. शिव्याही, आणि हळूहळू बोलणंही.

एकदा लुस्मिलाने त्याला विचारलं, "माझं पोरगं तिकडे गेलं, तुम्ही इकडे आलात. तिकडे आहे तरी काय हो?"

"तिकडे काम मिळतं. पण म्हातारपणी पेन्शन पुरत नाही. इथे पुरते."

"म्हणजे विल्मेर म्हातारा झाला की येईल? तोवर मी कुठली राहायला!" ती हसली आणि ॲप्रनच्या टोकाने डोळे पुसले.

त्या शुक्रवारी विल्मेरचा व्हिडिओ फोन आला. तिने तो नॉर्मनच्या तोंडासमोर धरला.

"आईने जुडीने मारलं का तुम्हाला?" पडद्यावरच्या विल्मेरने विचारलं.

"मारलं. तुला?"

"दर मंगळवारी! शाळेत वास यायचा अंगाला!"

लुस्मिलाने दोघांनाही दम भरला. पण फोन ठेवल्यावर दिवसभर खुशीत होती.

डिसेंबरात डोरीन अमेरिकेत लेकीकडे गेली. नॉर्मन गेला नाही. सणाच्या 'चाळीस'च्या सामन्यांत तो सेगुंदोचा जोडीदार होता. दोघं पहिल्याच फेरीत हरले आणि चूक कुणाची यावर आजही वाद घालतात.